अलीकडचे

६ जानेवारी १९९४

वहिनी,

तीन वर्षांत मी तुम्हाला माशांच्या खाण्याची पार्सलं पाठवली, पत्र एकही नाही. पार्सलात चिठ्ठी असायची, पण "रोज दोन चिमटी, जास्त नको" याला कुणी पत्र म्हणत नाही, हे मला कळतं. आज नीट बसून लिहिते आहे, कारण काम मोठं आहे आणि तुमच्यावाचून अडलं आहे.

दादाच्या शेडमधले मासे तुम्हाला सगळे सारखेच दिसत असतील. करडे, पट्ट्यापट्ट्यांचे. त्यात तुमचा दोष नाही, आमच्या संग्रहालयात येणाऱ्या निम्म्या तज्ज्ञांनाही ते तसेच दिसतात. पण ते दोन तऱ्हेचे सिक्लिड आहेत. तलाव एक, काठ दोन. समोरच्या कड्याखाली खडकांत राहतात त्यांच्या अंगावर सात पट्टे. अलीकडे, तलावावरच्या आमच्या अभ्यासाच्या ठाण्याच्या बाजूला, वाळूत राहायचे त्यांच्या अंगावर सहा, आणि विणीच्या दिवसांत नराचा गळा पिवळा. फरक म्हणाल तर एवढाच. माद्यांत तेवढाही नाही. पंचवीस वर्षं मी माद्या भिंगाखाली घालून बघते आहे; या काठाची कुठली, त्या काठाची कुठली, मला आजही सांगता येत नाही. म्हणून तर दादा टाकीला चिठ्ठी लावायचा. चिठ्ठी हाच माशाचा जन्मदाखला.

वर "राहायचे" लिहिलं ते चुकून नाही. वाळूच्या काठाला नवा धक्का झाला, त्यासाठी दगडाचा भराव पडला. दोन वर्षं आम्ही तिथे जाळी टाकतो आहोत. एकही मासा मिळाला नाही. म्हणजे वाळूकाठचे मासे आता जगात एकाच ठिकाणी उरलेत, तुमच्या मागच्या अंगणात.

त्यांचं दोन गोष्टींसाठी काम आहे. काठाचा एक तुकडा साफ करून घेतला आहे, एप्रिलअखेर तिथे ते परत सोडायचे. आणि मी निबंध लिहिते आहे, की हा नुसता काठाचा फरक नाही, ही स्वतंत्र जात आहे. नव्या जातीला नाव द्यावं लागतं. ते दादाचं असेल. ज्याचा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेला आणि एकाही नकाशावर ज्याची सही नाही, त्याचं.

तेव्हा एवढं करा. ज्या टाकीवर दादाच्या हातची "अलीकडचे" अशी चिठ्ठी आहे, त्यातले दहा नर एकेक करून काचेच्या भांड्यात घ्या. नर ओळखणं सोपं आहे, पोटाखालच्या मागच्या परावर अंड्यांसारखे नारिंगी ठिपके असतात. डोळ्यामागून शेपटीपर्यंत पट्टे मोजा, दोन्ही अंगांचे. स्वतःचं डोकं चालवू नका, दिसेल तेच लिहा.

तब्येत कशी आहे?

तुमची वन्सं


१५ जानेवारी १९९४

वन्सं,

तब्येत बरी आहे. तीन वर्षांनी विचारलंत, तीन वर्षांत एकदाच ताप आला होता, तोही उतरला.

स्वतःचं डोकं चालवू नका असं तुम्ही लिहिता. मी लाँड्रीत रफू करते हे तुम्हाला माहीत आहे, पण रफू म्हणजे काय ते माहीत नसावं. काळ्या कोटाच्या कोपरावर भोक पडतं तेव्हा मी काळ्याच्या सात छटांतून एक दोरा काढते, आणि कोट नेणारा माणूस भोक कुठे होतं ते शोधत बसतो. एकवीस वर्षं हेच करते आहे. तुमच्या माशांचे पट्टे मोजायला मला भिंग लागलं नाही.

दहा नर मोजले. चार जणांना दोन्ही अंगांना सहा. तिघांना सात. दोघांना डाव्या अंगाला सहा, उजव्याला सात. एकाचा चौथा पट्टा पाठीवरून निघतो आणि पोटाकडे यायच्या आधीच विरतो, तो अर्धा धरायचा की कसं ते तुम्ही ठरवा. गळा म्हणाल तर कुणाचा पिवळा, कुणाचा नुसता मळका. दिसलं तेच लिहिलं आहे.

माशाला यांचं नाव लागणार हे वाचलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. मुकादमबाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, सुई टोचली.

एक विचारते. चिठ्ठीवर नुसतं "अलीकडचे" आहे. कशाच्या अलीकडचे? आणि मोठ्या टाकीवर नुसतं "क. खा." आहे, त्याचा अर्थ काय? यांना मी कधी विचारलं की म्हणायचे, तुला नाही कळायचं. आता तुम्हीच सांगा, बघू कळतं का.

तुमचीही तब्येत बरी असेल. मागे आलात तेव्हा हे जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि तुम्ही घरात यायच्या आधी शेडमध्ये गेलात. मी दारात तांब्या घेऊन उभी होते. बाहेर येऊन म्हणालात, गाडीची वेळ झाली. म्हणून विचारायचं राहून गेलं.

तुमची वहिनी


२४ जानेवारी १९९४

वहिनी,

तुमचे आकडे वाचून मी खुर्चीतून उठले आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तुम्ही काय पाठवलंय याची तुम्हाला कल्पना नाही!

सहा, सात, आणि दोन अंगांना वेगवेगळे! हे खडकवाल्यांत कधीच आढळत नाही, दोनशे मासे मोजून सांगते. याचा अर्थ वाळूच्या काठालाही पोटभेद होता. एका टोकाला सहा पट्ट्यांचे, दुसऱ्या टोकाला सातांकडे झुकणारे, मधले असे अर्धेमुर्धे. दादाने जाळी नेमकी त्यांच्या सीमेवर टाकली असणार. जो भेद तलावातून कायमचा गेला तो त्याच्या टाकीत जिवंत आहे! निबंधाचा अर्धा भाग आता मी नव्याने लिहिते आहे.

तुमच्या प्रश्नाचं मला हसू आलं, रागावू नका. अलीकडचे म्हणजे अलीकडच्या काठाचे, दुसरं काय असणार? ठाण्यातून तलावाकडे बघितलं की हा अलीकडचा काठ, तो पलीकडचा. आणि "क. खा." म्हणजे कड्याखालचे. दादाला नकाशावर अक्षरं वाचवायची सवय होती.

त्याची शिस्त मात्र वाखाणण्यासारखी. मी आले होते त्या दिवशी धुण्याच्या टबातले ते बारके मासे निकालात काढले तेव्हा तुम्ही तोंड वाकडं केलंत, मला आठवतं. पण तो दादाचाच नियम होता. चिठ्ठी नाही तो मासा नाही. उद्या कुणी विचारलं, हे कुठले, तर आपण काय सांगणार? त्या शिस्तीमुळेच आज "अलीकडचे" ही चिठ्ठी एखाद्या दस्तऐवजासारखी उभी आहे. ती जपा. तिच्यावर पाणी उडू देऊ नका.

मार्चच्या पाच तारखेला संग्रहालयाची गाडी येईल. त्या टाकीतले साठ मासे लागतील, तीस नर, तीस माद्या. आदल्या दिवशी खायला घालू नका.

नव्या जातीच्या वर्णनाचा पहिला परिच्छेद सोबत टाइप करून पाठवते. दादाच्या नावाखाली तांबड्या शाईची रेघ मीच मारली आहे.

तुमची वन्सं


१८ फेब्रुवारी १९९४

वहिनी,

पंचवीस दिवस झाले, तुमचा कागद नाही. टपालाचा घोळ असेल म्हणून वाट बघितली. शेवटी लाँड्रीत फोन लावला, तर कुणी सांगितलं, बाई कामावर आहेत, येऊ शकत नाहीत. म्हणजे हातीपायी धड आहात.

माझं त्या दिवशीचं हसू लागलं असेल तर ते मागे घेते. माझ्या मागच्या पत्रात तुमच्या मोजणीचे आभार नव्हते, हेही नंतर लक्षात आलं. ते आता मानते.

निबंध आमच्याच संग्रहालयाच्या नियतकालिकाने स्वीकारला आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते, हे माझं शेवटचं काम, आणि ते दादाच्या नावाने संपतं आहे याचं मला किती समाधान आहे ते तुम्हाला कसं सांगू. तो आजारी होता तेव्हा मी तलावावर बसून राहिले, आले नाही. लोक काय म्हणाले ते मला माहीत आहे. तुम्ही काय म्हणालात तेही.

गाडी पाच तारखेला येते आहे. एक ओळ लिहा, तयारी झाली म्हणून.

तुमची वन्सं


२३ फेब्रुवारी १९९४

वन्सं,

गाडी पाठवू नका.

त्या टाकीत वाळूकाठचा मासा नाही. खडकाचाही नाही. दोघांची सरमिसळ आहे आणि ती मी केली. तुम्हाला जो पोटभेद सापडला तो माझ्या हातचा आहे.

सगळं सांगते. १९९१ च्या फेब्रुवारीत यांना झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला, दवाखान्यात नेलं. शेडची किल्ली यांच्या खिशातून काढून मी पहिल्यांदा माझ्या हाताने कुलूप उघडलं. सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तुम्हाला तार केली, माशांचं काय करू म्हणून विचारलं. तुमचं पत्र आलं. ते माझ्याजवळ आहे, समोर ठेवून उतरवते: "अलीकडचे अजून लहान आहेत. त्यांना मोठ्यांत जाऊ देऊ नका. वेगळेच राहू द्या. बाकी चिठ्ठ्या वाचून करा."

मी चिठ्ठी वाचली. अलीकडचे. आपण म्हणतो ना, अलीकडची मुलं, अलीकडची गाणी. मी तसंच वाचलं. अलीकडे झालेले, नवे. आणि खरोखरच त्या टाकीत तेव्हा बोटाच्या पेराएवढे मासे होते. मला वाटलं, ही पिल्लांची टाकी. मोठे खातील म्हणून वेगळी ठेवली, आणि मोठे झाले की मोठ्यांत सोडायचे. यात न कळण्यासारखं काय होतं? "क. खा." म्हणजे मी कमी खाणारे असं समजले. मोठे मासे म्हणून कमी खाणारे. त्यांना मी तीन वर्षं एकच चिमूट घातली.

एप्रिलमध्ये ते भरले तसे त्यांना मोठ्या टाकीत सोडलं. मोठ्या टाकीत ज्या माद्यांनी तोंडातून पिल्लं सोडली ती पिल्लं "अलीकडचे" मध्ये आणली. ती वाढली की परत तिकडे. तीन वर्षं असंच चाललं आहे. चिठ्ठी खोटी नाही, वन्सं. त्या टाकीत कायम अलीकडचेच मासे होते.

यांना विचारायला काय झालं होतं, असं म्हणाल. विचारलं. खाटेजवळ वाकून विचारलं, मोठ्यांत सोडू का? यांनी मान हलवली. पण तेव्हा हे सगळ्यालाच मान हलवायचे. पाणी हवं का, हो. नको का, हो.

त्याआधी एकदा मी एका टाकीची जाळी धुऊन दुसरीत बुडवली होती, तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मला वाटलं, रोग लागू नये म्हणून. खरं कारण सांगायला किती वेळ लागला असता? एवढं जरी सांगितलं असतं, की बाई, हे दोन वेगळ्या काठांचे आहेत. तुम्ही भाऊबहीण तासन्‌तास त्या शेडमध्ये बोलत बसायचात. मी चहा आणला की गप्प व्हायचात, चहा घेऊन परत बोलायला लागायचात. मला राग यायचा नाही. आता येतो.

तुमचं २४ तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच सगळं कळलं. महिनाभर गप्प बसले ती भीतीने नाही. तुम्ही पाठवलेला तो टाइप केलेला कागद मी कपाटाच्या दाराला आतून डकवला होता. रोज कपाट उघडायचे आणि यांचं नाव वाचायचे. आम्हाला मूल नाही. यांचं नाव पुढे लावणारं या जगात कुणी नाही, एक मासा लावणार होता. मादी तीन आठवडे तोंडात पिल्लं धरून उपाशी राहते, मग सोडतेच. मी महिना काढला. रफू मला येतं. ही चूक मी बुजवू शकले असते, तुमच्यासकट कुणाला भोक दिसलं नसतं. सहा पट्ट्यांचे तेवढे निवडून दिले असते की झालं.

पण जाळी बुडवली म्हणून जो माणूस दोन दिवस बोलत नाही, त्याचं नाव असल्या माशाला लावून मला कपाट उघडवेना. तो कागद काढला. सोबत पाठवते.

तुमची वहिनी


४ मार्च १९९४

वहिनी,

गाडी रद्द केली. निबंध मागे घेतला. संचालकांसमोर उभं राहून कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून मला पुन्हा सांगायला लावलं, कारण त्यांना ते खरं वाटेना. अलीकडचे म्हणजे नवे! वाक्य पुरं व्हायच्या आत बाहेर बसलेला कारकून हसला.

एक शब्द, वहिनी. एक शब्द विचारायचा होता. दादाला बोलता येत नव्हतं, मला येत होतं. मी तलावावर होते, चंद्रावर नव्हते. टपाल दर आठवड्याला यायचं. तुम्ही दोन ओळी लिहिल्या असत्या, "अलीकडचे म्हणजे काय?", तर आज एक जात जिवंत असती. कोटाचा दोरा निवडायला सात छटा बघता आणि एवढं वाचून थांबला नाहीत? दादा किल्ली स्वतःच्या खिशात का ठेवायचा ते आज मला कळलं. तो म्हणायचा ते उगीच म्हणत नव्हता.

माझी पंचवीस वर्षं राहू द्या. दादाचं नाव राहू द्या. तो काठ आता कशाने भरायचा, तेवढं सांगा.

एकच विचारते, आणि नीट आठवून उत्तर द्या. मोठ्या टाकीत गेलेले आता सरमिसळीतून निवडता यायचे नाहीत. त्या पहिल्या खेपेतला एखादा तरी मासा, जो मोठ्या टाकीत गेलाच नाही, कुठे वेगळा राहिला, शेजाऱ्याला दिला, कुणी मागून नेला? म्हातारी मादी असली तरी चालेल. सिक्लिड दहा वर्षं जगतो. एक जोडी असेल तर सगळं परत उभं करता येईल. आठवा.

वन्सं


१२ मार्च १९९४

वन्सं,

आठवायची गरज नाही. नऊ होते.

एप्रिलमध्ये टाकी रिकामी केली तेव्हा त्यातले नऊ मासे अजून बारीक होते. बाकीच्यांच्या निम्मे. त्यांना मोठ्यांत सोडायला जीव होईना, म्हणून ते मी धुण्याच्या टबात ठेवले. टबावर एक जुनी चाळण पालथी घातली, उडून बाहेर पडू नयेत म्हणून. दवाखान्यातून आले की आधी त्यांच्याकडे जायचे. हे गेले त्या दिवशीही त्यांना घातलं. मे संपता संपता त्यांच्यातल्या चौघांचे गळे पिवळे व्हायला लागले होते, चांगले झेंडूसारखे. पट्टे सहा. मी तेव्हा मोजले नव्हते, पण डोळे मिटले की अजून दिसतात, आता मोजून बघितले.

मग तुम्ही आलात. शेड बघितली, टाक्या बघितल्या, चिठ्ठ्या वाचल्या, मान डोलावलीत. टबाशी थांबून विचारलंत, यांची चिठ्ठी कुठे? मी म्हटलं, यांना अजून सोडलं नाही. तुम्ही म्हणालात, सोडायचंही नाही. पर्समधून लवंगेच्या तेलाची बाटली काढलीत, मला भांडं धरायला सांगितलंत. मी धरलं. थेंब टाकताना तुम्ही मला समजावून सांगितलंत, की यात त्यांना त्रास होत नाही, झोपल्यासारखे जातात. नऊही उलटे झाले. त्यांचे गळे वर आले होते. तुम्ही घड्याळ बघत होता.

पंचवीस वर्षं भिंगाखाली बघणारी तुम्ही. मी भांडं तुमच्या नाकासमोर धरलं होतं, वन्सं. तुम्ही मासे बघितलेच नाहीत, तुम्ही चिठ्ठी शोधलीत. मी चिठ्ठी चुकीची वाचली हे खरं, आणि ते ओझं मी मरेपर्यंत वाहीन. पण शेवटचे नऊ माझ्या वाचण्याने गेले नाहीत.

ते मी कुंपणाशी पुरले. तिथे काही लावलेलं नाही.

राहिलं तुमचं ते एका शब्दाचं. विचारला होता. मार्चच्या तीन तारखेला पत्र टाकलं होतं, तलावाच्या ठाण्याच्या पत्त्यावर. पाच आठवडे वाट बघितली, मग मासे हलवले. उत्तर आलं नाही तेव्हा मला वाटलं, मी विचारलंय तसंच असणार, म्हणून तुम्हाला लिहायची गरज वाटली नाही. तुम्हाला ते पत्र पोचलं नसेल. टपालाचा घोळ असेल.

वहिनी


३० मार्च १९९४

वहिनी,

तुमचं पत्र आल्यापासून मी रोज एक खोकं उघडत होते. तलावाच्या ठाण्यावरचं सामान बांधून आणलं ते तसंच माळ्यावर होतं. काल चौथ्या खोक्यात, हवामानाच्या वह्यांखाली, तुमचं पाकीट सापडलं.

पोचलं होतं. फोडलेलं नव्हतं.

ते हातात आल्याचं मला आठवतं, म्हणजे मी खोटं बोलू शकत नाही. त्याच टपालात डॉक्टरांचं पत्र होतं, दादाचा हात परत येणार नाही म्हणून. ते वाचलं. तुमचं अक्षर बघितलं आणि वाटलं, यात रडगाणं असणार, वन्सं कधी येता, एकटीने किती करू. ते वाचायचं बळ तेव्हा माझ्यात नव्हतं. म्हटलं, नंतर वाचू. माशांबद्दल तुम्ही काही लिहाल हे माझ्या मनातही आलं नाही. माशांबद्दल तुम्हाला काय लिहायचं असणार, असं मी धरून चालले होते.

काल फोडलं. त्यात तुम्ही माद्यांबद्दल जे लिहिलंय ते वाचून आज सकाळी कोठारातल्या जुन्या बाटल्या काढल्या. वाळूकाठच्या अकरा माद्या, माझ्याच हाताने पकडलेल्या, माझ्याच हाताच्या चिठ्ठ्या लावलेल्या. एकेकीचं तोंड चिमट्याने उघडलं. स्पिरिटमध्ये रंग टिकत नाही. सगळ्या सारख्याच पांढऱ्या आहेत. तुमचं म्हणणं खरं की नाही ते आता कुणालाच तपासता येणार नाही. मला वाटतं, खरं असणार.

टबाबद्दल लिहायला बसले होते. दोन कागद फाडले.

तुमचं पत्र परत पाठवते आहे. माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही.

वन्सं


३ मार्च १९९१

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मिळालं, फार बरं वाटलं. यांची तब्येत आहे तशीच आहे. आज डाव्या हाताने माझं बोट धरलं. डॉक्टर बोलतील ते तुम्हाला कळवतीलच, मी त्यात भर घालत नाही, तुम्हाला तिथे एकटीला काळजी.

मासे मजेत आहेत. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मला त्यांचा कंटाळा यायचा. यांचा सगळा वेळ खायचे म्हणून थोडा दुस्वासही होता. पण आता शेडमध्ये गेलं की तासभर निघवत नाही. कालच मोठ्या टाकीतल्या दोघींनी तोंडातून पिल्लं सोडली. मी हात तोंडावर ठेवून बघत बसले. हे बरे होऊन घरी आले की यांना सांगणार आहे, तुमचं पितळ उघडं पडलं, हे काही न कळण्यासारखं नाही.

एक गंमत सांगते, हसू नका. अलीकडच्यांतल्या ज्या माद्या आहेत, मागच्या परावर ठिपके नसलेल्या, त्या जांभई दिल्यासारखं तोंड उघडतात ना, तेव्हा खालच्या जबड्याच्या आत पिवळ्या दोऱ्याच्या एका टाक्याएवढी रेघ दिसते. मोठ्या टाकीतल्या माद्यांना ती नाही, मी प्रत्येकीचं तोंड उघडेपर्यंत वाट बघितली. वयाने जाते का हो ती? तुम्हाला माहीत असेलच.

आणि एक विचारायचं आहे. चिठ्ठीवर "अलीकडचे" आहे ते अलीकडे जन्मलेले अशाच अर्थाने ना? ते भरले की मोठ्यांत सोडायचे आणि ही नवी पिल्लं त्यांच्या जागी आणायची, असा माझा बेत आहे. यांना विचारलं तर मान हलवतात, पण त्यांच्या मान हलवण्यावर माझा भरवसा नाही. अर्थ दुसराच काही असेल तर दोन ओळी लिहा. मला शिकायला आवडेल.

तुमचं उत्तर येईपर्यंत मी कशालाही हात लावत नाही. फक्त जरा लवकर लिहा, पिल्लांना जागा कमी पडते आहे.

तुमची,
वहिनी